आमेन लिहायच्या आधी

४ फेब्रुवारी

ताई,

परत तेच. मी ग्रुप का सोडला, पाळकसाहेबांना किती लागलं, चार लोकांत तुला खाली बघावं लागलं, आणि मी असाच, एक काम धरत नाही, धरलं तर टिकवत नाही. झालं ना सगळं बोलून? फोनवर तू बोलतेस, मग रडतेस, मग दाजी फोन घेतात आणि उपदेश सुरू होतो. त्यात माझं राहूनच जातं. म्हणून फोन उचलत नाही. कागदावर लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, लावून लावून वाच.

तू म्हणतेस मी वाईट संगतीला लागलो. माझी संगत म्हणजे एकटा लंबू. तुला त्याच्याबद्दल कधी नीट सांगितलं नाही, आता सांगतो. आमच्या धुलाईखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. मोठ्या रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडल्या की दोघांनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, एकमेकांकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत मागे सरायचं. दिवसभर हेच. नवरा-बायको आयुष्यात एवढ्या वेळा समोरासमोर येत नसतील. माझ्या समोरचं टोक लंबूचं. तो एवढा उंच की चादर जमिनीला कधी लागत नाही, आणि मी एवढा बुटका की मुकादम आम्हाला शिडी आणि स्टूल म्हणतो.

तो आपल्यातला नाही. कुठल्याच देवाचा नाही म्हण. देवाचं नाव काढलं की खांदे उडवायचा. पण त्याची मुलगी गावी आजारी पडली, ताप उतरेना, तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मीच म्हटलं की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपवर लिही, पुष्कळ लोक प्रार्थना करतील. त्याने लिहिलं. लाल रिबिनी बांधलेल्या छोट्या मुलीचा फोटो लावलेला माणूस तुला आठवत असेलच. तोच लंबू.

रोज दुपारच्या सुट्टीत तो मला फोन दाखवायचा. आज बघ किती आमेन आले. हे बघ, ह्या बाई विचारतायत ताप किती आहे. ओळखदेख नसलेली माणसं आपल्या पोरीसाठी मागतात याचं त्याला एवढं नवल, की तो त्याचे फोटो काढून बायकोला पाठवायचा. मला म्हणाला, तुझे लोक चांगले आहेत रे. माझी छाती फुगली होती, खरं सांगतो.

आणि तू त्याला काढून टाकलंस. सगळं माहीत असून. तो आता माझ्याशी बोलत नाही. त्याला जिथे जागा नाही तिथे मलाही नको, म्हणून मी निघालो. दुसरं काही कारण नाही. तुला काही सांगायचं असलं तर लिही. फोन नको.

तुझा भाऊ

१६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

ख्रिस्तात सलाम. तुझं पत्र आलं. आईने पाकीट हातात धरून आधी वास घेतला, साबणाचा येतो म्हणाली, आणि मग माझ्याकडे दिलं. तिला मी अर्धंच वाचून दाखवलं.

तर तो तुझा जोडीदार होता हे मला आज कळलं. मला तो फोटो बघून कुणी बाई असेल असं वाटायचं. पण बारक्या, तू एकच बाजू ऐकलीस. ग्रुप मी तीन वर्षं सांभाळते. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी सगळ्यांच्या विनंत्या बघते आणि प्रत्येकाला आमेन लिहिते. एखाद्याला राहिलं तर उपासनेनंतर लोक विचारतात, ताई रागावल्या का. तुझ्या मित्राला मी एक दिवस चुकवला नाही. त्याची मुलगी बरी झाली तेव्हा त्याने सगळ्यांचे आभार मानले, सगळ्यांनी देवाची स्तुती केली, किती छान दिवस होता तो. आणि त्याच दिवशी, मधे मी फोन बघितला नव्हता, संध्याकाळी उघडते तर या माणसाने काय लिहावं? अशी शिवी, की मी कागदावर उतरवू शकत नाही. आपली आई आहे त्या ग्रुपवर. म्हाताऱ्या माणसांनी फोन करून विचारलं, हा कोण घुसवलाय. हे तर संतापलेच. मी त्याला काढलं आणि त्याचं सगळं लिहिलेलं पुसलं, नियमच आहे तसा.

मला सांग, काम झाल्यावर माणूस असा कसा उलटतो? गरज होती तेव्हा आमचा देव चालला. मुलगी घरी आली की शिव्या. पाळकसाहेब म्हणाले, मन कठीण असलं की असं होतं, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मी करते.

एवढं असूनही त्याच्या छोटीवर माझा राग नाही. तिने काय केलंय? आजारातून उठलेल्या मुलांच्या कानाला वारा लागतो, म्हणून मी तिच्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. लाल, रिबिनींना जुळेल अशी. डोक्याचं माप विचारून कळव. त्यालाही बरं वाटेल आणि तुमचं बोलणं सुरू होईल.

आई आठवण काढते. जेवण वेळेवर कर.

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

टोपी विणू नकोस. ती गेली.

तुझं पत्र मी मळक्या कपड्यांच्या गाड्यांमागे बसून वाचलं. माप विचारून कळव, इथे आलो आणि मला कळलं की तुला माहीतच नव्हतं. इतके दिवस मी तुझ्यावर दात खाऊन होतो. मला वाटायचं ताईने वाचलं, आणि वाचून काढलं. तू तर वाचलंच नाहीस. यातलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही.

तू सगळं पुसलंस, पण लंबूने फोटो काढून ठेवलेत. मला एकदा दाखवले, मला एकदाच पुरले. त्याने लिहिलं होतं:

‘नमस्कार. तुम्ही सगळ्यांनी माझ्या मुलीसाठी देवाकडे मागितलं, तुमचे फार आभार. मी तुमच्यातल्या कुणाला ओळखत नाही, तरी तुम्ही रोज तिची चौकशी केली. माझ्या बायकोला धीर आला.’

फोनवर एवढंच दिसतं. खाली ‘अजून वाचा’ असं बारीक निळं येतं, त्यावर बोट ठेवलं तर पुढचं उघडतं. पुढे होतं:

‘ती आज सकाळी गेली. मला जाता आलं नाही. तुम्ही एवढं केलंत, तेव्हा तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून लिहिलं.’

मुकादमाने सुट्टी दिली नव्हती, ताई. महिनाअखेरीला जा म्हणाला. घरून फोन आला तेव्हा लंबू कपडे बदलायच्या खोलीत होता. फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसून त्याने हे लिहिलं. मला सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं. त्याच्या डोक्यात असं, की ज्यांनी मागितलं त्यांना आधी कळवलं पाहिजे.

त्याखालच्या उत्तरांत सगळ्यात पहिलं तुझं. आमेन, देव किती चांगला आहे, आणि फुलं. मग रांगच. प्रभूची स्तुती असो. हालेलूया. गायनमंडळातल्या मावशींनी लिहिलं, बाळाला घेऊन उपासनेत साक्ष द्यायला या, देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगा. कुणी टाळ्या, कुणी फुगे. आईनेही हात जोडलेले पाठवले होते, बोट लागेल ते पाठवते ती, तिला यातलं काही सांगू नकोस.

दुपारच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि फोन पुढे केला. रडत नव्हता. अगदी हळू विचारलं, “तुमच्यात मूल गेलं की असं म्हणतात का?”

त्याला खरंच वाटलं की आपली रीत असेल. त्याने मनात आमच्यासाठी जागा करून ठेवली होती, ताई. कदाचित या लोकांत मेलेलं मूल देवाकडे गेलं म्हणून टाळ्या वाजवत असतील. मी हो म्हटलं असतं तर त्याने तेही मानलं असतं. मी म्हटलं, चूक झालीय, कुणी पुढचं वाचलं नसेल.

तो म्हणाला, “एवढ्या लोकांत कुणीच?”

दुपारनंतर आम्ही चादरी धरल्या. तो कोपरा आणून माझ्या हातात द्यायचा आणि माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचा.

संध्याकाळी त्याने ग्रुपवर एवढंच विचारलं की तुम्ही कशाला आमेन म्हणताय. तेव्हा कुठे काहींनी वर जाऊन वाचलं. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, बाबा, चुकलो. निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलं, देवाच्या योजनेला प्रश्न विचारू नये. एका बाईने लिहिलं, मनात शंका असली की प्रार्थना वर पोचत नाही. एकाने गाण्याचा व्हिडिओ टाकला. आणि दाजींनी लिहिलं, देव आमचा, प्रार्थना आमची, बाप्तिस्मा घ्यायची तयारी नाही, आणि दोष आम्हाला? हे मी दाजींचं शब्दाला शब्द लिहितोय. एक नवीन लग्न झालेली पोरगी होती, तिने लिहिलं, मला माफ करा, मी वाचलं नव्हतं. तिचं एकटीचं. तिच्या खाली कुणीतरी आमेन लिहिलं.

तरीही त्याने शिवी दिली नव्हती. पण तो सगळं बायकोला पाठवायचा ना, तिला सवय झाली होती रोज आमेन बघायची. त्या दिवशी तिने त्याच्याकडे मागितलं, त्याने पाठवलं नाही, तर तिने भावाच्या फोनवरून स्वतः बघितलं, ग्रुप सगळ्यांना उघडाच आहे. पोरीला माती देऊन आलेली बाई. तिने त्याला फोन करून विचारलं, “आपण या लोकांचं काय बिघडवलं होतं?”

त्याच्यानंतर त्याने शिवी लिहिली. ती तेवढी तू पूर्ण वाचलीस.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकादमाला सांगून सुकवायच्या मशिनवर काम बदलून घेतलं. तिथे समोर कुणी लागत नाही. आम्ही दोघं राहतो त्या खोलीतही त्याने खाट दाराकडे ओढली आहे. शिव्या घालत नाही, भांडत नाही. पाणी भरलं तर माझीही बाटली भरून ठेवतो. बोलत मात्र नाही.

मला तुझी माफी नको. तू एक कर. ग्रुपवर, सगळ्यांच्या समोर, तुझ्या नावाने लिही, की ती मुलगी गेली होती आणि आपण न वाचता आनंद केला, आणि तिच्या बापाला हाकलून दिलं. लंबू मार्चअखेर हिशेब करून कायमचा घरी चाललाय. तो जायच्या आधी मला ते त्याच्यासमोर धरायचंय. मला त्याला ख्रिस्ती करायचं नाही. त्याने एकदा म्हटलं होतं तुझे लोक चांगले आहेत. ते त्याने परत म्हणावं असंही नाही. पण जाताना त्याच्या फोनमध्ये आमचे शेवटचे शब्द ते राहू नयेत, बस्स.

तुझा भाऊ

१८ मार्च

बारक्या,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते आधी सांगते, म्हणजे तुला दुसरीकडून कळायला नको. मी आठवडाभर काहीच केलं नाही.

पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. भाजी करपली, हे ओरडत आले, मी कागद ओट्याच्या कडेला ठेवून यांच्या हातात दिला. वाचून म्हणाले, मला कसं माहीत असणार. मग म्हणाले, माझं नाव कुठे घ्यायचं नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण म्हणाले, त्या बापाला वेगळं पत्र लिहा, मीही सही करतो. ग्रुपवर नको. तिथे बाहेरचे पुष्कळ लोक बघतात, आपल्यावर हसायला त्यांना निमित्त होईल, मंडळीचं नाव जाईल. मला ते पटलं. तुला राग येईल, पण पटलं मला. मी घरी येऊन पत्र लिहायला बसले आणि ‘प्रिय बंधू’ एवढं लिहून थांबले. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. इतके दिवस त्याच्या मुलीसाठी आमेन लिहिलं आणि तिचंही नाव मी विचारलं नव्हतं. तू लिहितोस तो लंबू. बाकी काही नाही.

म्हणून शेवटी ग्रुपवरच लिहिलं. रविवारी, उपासनेहून आल्यावर. मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘ज्या मुलीसाठी आपण प्रार्थना करत होतो ती वारली, आणि ते कळवणाऱ्या तिच्या बापाला मी आमेन लिहून फुलं पाठवली.’ पुढे सगळं लिहिलं. मीच त्याला काढलं, तेही. यांचं नाव घेतलं नाही.

तरी खाली आमेन आलेच, बारक्या. पहिला तर मी फोन खाली ठेवायच्या आत आला. मी बघत बसले होते. प्रत्येक आमेन आला की मला वाटायचं आता याने तरी वाचलं असेल. ती नवीन लग्न झालेली मुलगी घरी आली, माझ्याजवळ बसून राहिली. हेडमास्तरांनी फोन केला की घरचं दारात कशाला आणता. संध्याकाळच्या आत पाळकसाहेब आणि हे बोलले, आणि माझं लिहिलेलं पुसलं गेलं. ग्रुप आता हे सांभाळतात. मला म्हणाले, तू जरा विश्रांती घे.

म्हणजे तुला जे त्याच्यासमोर धरायचं होतं ते आता तिथे नाही. फोटो काढायचं मला सुचलं नाही, मला ती हुशारी नाही. जेवढं आठवलं तेवढं मी वेगळ्या कागदावर माझ्या हाताने लिहून सोबत ठेवलं आहे. सही माझीच आहे. हे त्याला दे. नाही घेतलं तर जबरदस्ती करू नकोस.

टोपी अर्धी झाली होती. सुया काढल्या नाहीत, तशीच डब्यात ठेवली आहे. आईने विचारलं कुणासाठी, मी म्हटलं माप चुकलं.

मुलीचं नाव काय होतं, ते त्याने सांगितलं तर लिही.

ताई

३१ मार्च

ताई,

लंबू काल गेला.

तुझा कागद मी त्याला चार दिवस आधी दिला होता. पाकिटातून काढून दिला, म्हणजे पाकीट बघून त्याला त्याच्या घरचं पत्र आलं असं वाटू नये. त्याला फोनवरचं वाचता येतं, पण हाताचं अक्षर लागत नाही, म्हणून त्याने मलाच वाचायला सांगितला. त्याच्या खाटेवर बसून वाचला. त्या गोष्टीनंतर त्याने मला पहिल्यांदा बसायला जागा दिली. संपल्यावर त्याने विचारलं, हे फोनवर आहे का. मी म्हटलं, होतं, पण काढून टाकलं. कुणी काढलं? म्हटलं, माझ्या दाजींनी. तो जरा हसला. म्हणाला, “म्हणजे तुझ्या ताईलाही हाकललं.”

कागद त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. ठेवला, फेकला नाही, हे मी तुला सांगतोय. पण मी म्हटलं वहिनीला वाचून दाखव, तर मान हलवली. ती आता त्या लोकांचं नाव काढत नाही, त्याने सांगितलं, मोठ्या मुश्किलीने सोडलंय, तिच्यापुढे परत कशाला आणू. तेव्हा तुझं लिहिलेलं तिच्यापर्यंत जाणार नाही. तुला खोटी आशा नको म्हणून लिहिलं.

मुलीचं नाव मी विचारलं, ताई. तू विचारलं आहेस हेही त्याला सांगितलं. बॅगेची चेन लावता लावता तो म्हणाला, नाव घेऊन तुम्ही परत प्रार्थना कराल. नको.

त्याला राग नव्हता. मला तेच सहन होत नाही. रागावला असता तर मी पाय धरले असते, भांडलो असतो, काहीतरी केलं असतं. तो मला अजून चांगला समजतो. जाताना माझे बूट त्याने चामड्याचा तुकडा लावून शिवून दिले. पण मी रात्री डोळे मिटून बसलो की तो खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा, आणि मी आटपल्यावर आत यायचा. आधी तो तिथेच पडून ऐकायचा, मधेच विचारायचा, हे आता काय मागितलंस. शेवटी शेवटी मीच पांघरुणात तोंड घालून मनातल्या मनात म्हणायला लागलो, त्याला बाहेर जावं लागू नये म्हणून. आता खोली मोकळी आहे तर मोठ्याने म्हणायला तोंड उघडत नाही. मी विश्वास सोडलेला नाही, तू लगेच आईला घेऊन रडायला बसू नकोस. पण कुणी विचारलं तू कोण, तर पूर्वीसारखं पटकन सांगता येत नाही.

त्याच्या हिशेबातून मुकादमाने साबण, गणवेश, खोली असं काय काय कापलं आणि तिकिटाला कमी पडले. कुणाकडे मागणारा माणूस नाही तो. मी गाडीच्या थांब्यावर त्याच्या हातात नोटा कोंबल्या. त्याने मूठ उघडीच ठेवली. म्हणाला, “हे तुझे आहेत, का तुमच्या देवाचे?”

ताई, ते दशमांशाचे होते. पगार झाला की मी आधी देवाचा दहावा हिस्सा वेगळा काढून रुमालात बांधतो, तुला माहीत आहे. खरं सांगितलं असतं तर त्याने नोटा परत माझ्या खिशात घातल्या असत्या आणि तिकिटाविना तिथेच बसला असता.

मी म्हटलं, माझे.

तेव्हा त्याने मूठ मिटली. गाडीत चढला, खिडकीशी बसला, त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. मी हात केला. काच मळलेली होती, त्याने केला का ते दिसलं नाही.

या महिन्याला चर्चच्या पेटीत टाकायला माझ्याकडून काही नाही. दाजींनी विचारलं तर सांग, बारक्याने खर्च केले. कशावर ते सांगू नकोस, नाहीतर तेही ग्रुपवर साक्ष म्हणून लिहितील आणि खाली लोक आमेन म्हणतील. आईच्या औषधाचे आणि घरखर्चाचे तेवढे पाठवतोय, नऊ हजार.